मुद्दाम चुकलेली उत्तरं

…नाही हो साहेब, अहवाल तयार आहे, म्हणजे जवळजवळ — बसा ना, खुर्चीवरचे कागद खाली ठेवा — बातमी आली त्या दिवशीसुद्धा मी हेच करत होते, कुणाचा तरी भूगोलाचा ऑनलाइन धडा तपासून नापास करत होते. चित्रं झकास, मागे बासरी, आणि पोराचं उत्तर चुकलं की पडद्यावर लाल फुली. बस्स! का चुकलं ते कोण सांगणार, फुली? तेवढ्यात फोन वाजला, आणि… असो. तुम्ही गणिताचं विचारताय. सातवीचे अपूर्णांक. उघडून पाहिलेत? वाटलंच! त्यात बरोबर उत्तर दिलं की मास्तर नुसतं ‘ठीक’ म्हणतात आणि पुढे सरकतात. पण चुका की जरा, मग बघा कसे रंगात येतात — ‘अर्धा अधिक अर्धा, परत अर्धाच? मग दुसरा अर्धा पेरू कुणी खाल्ला, मी?’ — आता हा रचनेचा दोषच, नाही का? हुशार मुलंही मुद्दाम चुकायची. मी? मला चुकावंच लागतं, कामच आहे ते, प्रत्येक चुकीचा पर्याय दाबून बघायचा. एकदा. हो, नियमात एकदाच आहे. मी जरा जास्त वेळा दाबले. जेवताना लावते कधीकधी, घरात कुणीतरी रागावलेलं बरं असतं. लहानपणीही अस्साच चिडायचा, वर टपली — कोण म्हणजे? मास्तर हो. दादा.

झालं, बोलून बसले! लग्नात आडनाव बदललं, तुमच्या ऑफिसात कुणाला कळणार? तो फोन त्याच्याबद्दलचाच होता. रेकॉर्डिंग संपवलं आणि गेला, घाई कसली होती कोण जाणे. नात्यातल्या माणसाने तपासायचं नाही, ठाऊक आहे मला, तो नियम मीच भांडून घालून घेतलाय, हसा खुशाल! पण दुसऱ्या कुणाला दिलंत तर तो काय करील? मुलं मुद्दाम चुकू नयेत म्हणून त्याचा आवाज काढून टाकील, तिथे फुली बसवील — आणि नियमाने तेच बरोबर ठरेल. मलाही तेच लिहावं लागणार आहे. अहो, माउसला हात नका लावू! नका म्हणते ना! या आता तुम्ही, दार ओढून घ्या. शेवटच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिल्याशिवाय अहवाल पुढे जात नाही. ते मी अजून दिलेलं नाही.