मागांच्या गल्लीत भोंगा पोचत नाही

मंडळी, बोलायला उभा राहिलोय खरा, पण समोर अण्णांच्या पत्नी, महादेवीवहिनी बसल्यात. आधी बातमी सांगतो. मी पेपरवाला, मला तेवढंच जमतं. मल्लिनाथअण्णांनी आराखड्यासाठी लिहिलेलं पान मंजूर झालं. त्यांच्या साहेबांनी आज दुपारी मला फोन करून सांगितलं. अण्णा गेल्यावर अकरा दिवसांनी.

अण्णा सरकारी कचेरीत अव्वल कारकून. युद्ध पेटलंच, तर लोकांना आसरा, पाणी, औषधं कशी पोचवायची, तो आराखडा त्यांच्याकडे होता. मी पेपरात त्याची टिंगल केली. ‘सीमा कुठं, सोलापूर कुठं!’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन. म्हटलं, आता शिव्या बसणार. तर म्हणाले, “लई भारी लिवलंय की! आता पाणी कुठं मिळणार, तेबी छापा.”

मी छापलं नाही. जागा नव्हती, मंडळी.

आराखड्यात होतं, भोंगा वाजला की लोक शाळेत जमतील. सरावाच्या दिवशी अण्णा यंत्रमागांच्या गल्लीत जाऊन उभे राहिले. भोंगा वाजला. एक माणूस बाहेर आला नाही. माग चालू असताना शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही, तिथं भोंगा कुठला? मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या अंबुबाई आज इथं आल्यात. त्याच अण्णांना म्हणाल्या, “सायेब, लाईट घालवा की! माग थांबला की आमी आपोआप भाईर येतो, लाईटवाल्याला शिव्या द्यायला!”

अण्णा पोट धरून हसले. आणि तेच लिहून काढलं. आधी गल्लीची वीज बंद करायची. मग दारोदार जाऊन सांगायचं. तेलुगूत, कन्नडात, उर्दूत. ज्यांना चालता येत नाही त्यांना कोणता शेजारी उचलणार, तेही नावानिशी. त्या पानावर सही हवी होती.

“झाली का, अण्णा?” मी विचारायचो.

“उद्या.”

साहेबांना वेळ नव्हता. मला जागा नव्हती. अण्णा मात्र सहीसाठी रोज साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसायचे. तिथंच छातीत कळ आली. कुणाला दोष देऊ? कुठल्या तोंडानं देऊ?

शनिवारी पुन्हा सराव आहे. माग थांबतील, माणसं दारात येतील. कोणत्या दारी कोण सांगायला जाणार, त्या यादीत पहिल्या दारापुढं अण्णांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. साहेबांना सांगून तिथं मी माझं घातलंय. अंबुबाई, मला तेलुगू येत नाही. तुम्ही सोबत या.

आता आपण अण्णांसाठी मिनिटभर गप्प उभे राहू.

वहिनी, तुम्ही बसूनच राहा.