सासूबाईंची सही

सासू : फुकट काम करतेस, म्हणजे अजून शिकतेयस का गं तू? माझ्या सुनेवर हात साफ करू नकोस.

वकीलबाई : अकरा वर्षं झाली कोर्टात, आजी. फक्त शनिवारी या वाचनालयात बसते, ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी.

सून : आई, अहो, बोलू द्या की त्यांना.

सासू : मी काय तोंड धरलंय तिचं?

वकीलबाई : मला वाटत होतं, नातीचा ताबा तुमच्या सुनेलाच मिळेल. पण काल तुमच्या मुलाच्या वकिलांनी हे प्रतिज्ञापत्र दिलं. खाली सही तुमची आहे.

सासू : असेल. मग?

वकीलबाई : यात लिहिलंय, सून पोरीला कोंडून कामाला जाते, उपाशी ठेवते, मी डोळ्यांनी पाहिलंय.

सासू : कोण मेलं म्हणतं असं?

वकीलबाई : तुम्ही.

सासू : जीभ झडो माझी! ही शिवणकामावरून येईपर्यंत पोर माझ्याच मांडीवर असते!

सून : मग सही का केलीत, आई? तुमचा मुलगा घर सोडून गेला, तरी तुम्ही माझ्याजवळ राहिलात. मी जगाला सांगत फिरले, सासू असावी तर अशी.

सासू : तो म्हणाला, पोरीच्या शाळेचा कागद आहे, आजीची सही लागते. नेलं मला एका टेबलापाशी.

वकीलबाई : शिक्का मारणाऱ्यानं विचारलं नाही, मजकूर समजला का म्हणून?

सासू : विचारलं ना. मी म्हटलं, मी काय अडाणी दिसते तुला?

वकीलबाई : पण वाचला नाहीत.

सासू : चष्मा नव्हता.

सून : चष्मा तर गळ्यातच असतो तुमच्या. आंघोळीपुरता काय तो उतरतो.

सासू : तू गप गं!

वकीलबाई : आजी, मंगळवारी तारीख आहे. कागद असाच राहिला तर पोर बापाकडे जाऊ शकते. चष्म्याचं कारण न्यायाधीश ऐकणार नाहीत. खरं काय ते सांगा.

सून : मी बाहेर थांबू का?

सासू : बस खाली. उठलीस तर याद राख.

(सासू गळ्यातला चष्मा काढून टेबलावर ठेवते.)

सासू : मला वाचता येत नाही.

सून : आणि रोजचा पेपर?

सासू : धरते समोर. फोटो बघते. अंगठा उठवायची लाज वाटायची, म्हणून सही तेवढी गिरवून शिकले. घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. त्याला मात्र ठाऊक आहे. नापासाच्या प्रगतिपुस्तकावर माझ्या सह्या घेत घेतच मोठा झालाय लबाड.

वकीलबाई : हे कोर्टात सांगाल? त्याच्यासमोर?

सासू : भर चौकात सांगेन. पोर गेल्यावर माझ्या तोऱ्याचं काय लोणचं घालायचंय?

वकीलबाई : मग नवं प्रतिज्ञापत्र लिहू. आधी कच्चं लिहिते आणि शब्दन् शब्द वाचून दाखवते.

सासू : तू नको. हिला वाचू दे.

सून : ‘माझी सून तिच्या मुलीची नीट काळजी घेते...’

सासू : नीट? ती काय भांडी लावतेय? जिवापाड लिही, वकीलबाई.

वकीलबाई : लिहिलं.

सून : ‘...जिवापाड काळजी घेते.’

सासू : हं. रडतेस काय? वाच पुढे. सावकाश वाच, मी ऐकतेय.