सेट बंद केल्यावर

(बेलापूरच्या शिवारातलं वस्तीवरचं घर, सकाळ. पडवीत भिंतीला टांगलेला लहान आरसा. मानसिक आजारामुळे सैन्यातून घरी पाठवलेला अमृत गालांना साबण लावून उभा आहे. नेवाशाहून आलेली त्याची मोठी बहीण रोहिणी उंबऱ्यात. लांबवर विहिरीवरची मोटर चालू.)

अमृत : साबण वाळायला लागला, ताई.

रोहिणी : दिसतंय मला.

अमृत : रेझर कुठं आहे, एवढंच विचारलं होतं मी.

रोहिणी : माझ्याकडे आहे.

अमृत : पुन्हा भीती वाटायला लागली का माझी?

रोहिणी : नाही रे. तसलं काही मनातसुद्धा नाही.

अमृत : असलं तरी चालेल. घरी आलो त्या वर्षी आईनं विळी कणगीमागं ठेवली होती. मी पाहिली होती, बोललो नाही. तसं असेल तर सांग, मी न्हाव्याकडे जाऊन येतो.

रोहिणी : न्हाव्याकडेही जायचं नाही. गुरुवारपर्यंत दाढी करायची नाही, अमृत.

अमृत : गुरुवारी तर पुण्याला मेडिकल बोर्ड आहे.

रोहिणी : म्हणूनच.

अमृत : मला कळलं नाही. दाढी वाढवून कोणी सैन्याच्या डॉक्टरांपुढं उभं राहतं का?

रोहिणी : आजारी माणूस राहतो.

अमृत : असं. म्हणजे गोरक्षतात्यांकडे जाऊन आलीस.

रोहिणी : काल संध्याकाळी. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस आहे तो, अशी कितीतरी पोरं त्याने बोर्डापुढं नेली आहेत. तो म्हणाला, दाढी वाढू द्या, मळका शर्ट घाला, पहिल्या प्रश्नाला उत्तर देऊ नका.

अमृत : आणि लाळ? लाळ किती गाळायची, ते सांगितलं का तात्यांनी?

रोहिणी : चेष्टा करू नकोस.

अमृत : चेष्टा मी करतोय?

राहीबाई : (त्यांची आई, स्वयंपाकघराच्या दारातून) काय चाललंय तुमचं? आरं, तोंड धू की आधी. जत्रंतला बहुरूपी दिसाया लागलास. रोहिनी, त्याला चा दिला का न्हाई?

अमृत : चहा दिला, आई. रेझर दिला नाही.

राहीबाई : देऊन टाक बाई त्याचं त्याला. लेकरू रोज उठल्याबरुबर दाढी करतंय. ताप आला तरी चुकवत न्हाई.

रोहिणी : आई, तुला रात्री सगळं समजावून सांगितलं ना? मागच्या फेरतपासणीत अपंगत्वाचे साठाचे तीस टक्के झाले. या वेळी विसाच्या खाली गेले, की अपंगत्वाचं पेन्शन थांबेल. घर त्याच्यावर चाललंय.

राहीबाई : व्हय, सांगितलं हुतं. पन मला त्यातलं टक्के कळत न्हाईत. मानूस काय परीक्षेला बसलाय का?

अमृत : बसलाय, आई. फक्त या परीक्षेत नापास व्हायचं असतं.

रोहिणी : मागच्या वेळी चूक माझीही होती, अमृत. मीच तुझ्या शर्टाला इस्त्री केली, मीच बूट पुसले. वाटलं, चांगल्या कपड्यात नेलं तर तुला मानानं वागवतील. दाराशी उभी राहून मी सगळं पाहिलं. ते कर्नल आत आले आणि तू खाडकन उठून ताठ उभा राहिलास. त्यांनी विचारलं, कैसे हो, जवान?

अमृत : आणि मी म्हणालो, बढिया, सर.

रोहिणी : बढिया! आदल्या रात्री तुझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. छताकडे बघत पडला होतास. आणि त्या माणसाला म्हणालास, बढिया.

अमृत : साहेबांनी विचारलं की दुसरं उत्तर नसतं, ताई. बर्फात बोटं काळी पडलेला मुलगा स्ट्रेचरवरून बढिया म्हणालेला मी पाहिलाय. ते उत्तर डोक्यातून येत नाही, टाचेतून येतं. टाचा जुळल्या की तोंड उघडतं.

रोहिणी : त्यांनी ते लिहून घेतलं.

अमृत : घेणारच. मी दोष देत नाही त्यांना. समोर ताठ उभा असलेला, दाढी केलेला, बढिया म्हणणारा माणूस. त्यांनी दुसरं काय लिहावं?

रोहिणी : म्हणून या वेळी असा जाऊ नकोस, एवढंच म्हणतेय. मलाही लाज वाटते रे. इतकी वर्षं तू बरा दिसावास म्हणून देव पाण्यात ठेवले, आणि आता तुझ्यापुढं उभी राहून म्हणते, बरा दिसू नकोस. आपणच पेटवलेल्या दिव्यावर आपणच हात धरायचा, तसं झालंय.

अमृत : वर्गात बोलतेस तसं बोलायला लागलीस.

रोहिणी : मास्तरीण आहे. दुसरं कसं बोलणार?

अमृत : मग तुला एक गणित सांगतो. पहिल्यांदा साठ टक्के दिले, तेव्हा मी चाळीस उरलो होतो. मागच्या वेळी तीस दिले, म्हणजे सत्तर झालो. येताना एस.टी.त तू पदर तोंडाला लावून रडत होतीस. मी खिडकीशी बसून मनातल्या मनात गावाला पेढे वाटत होतो.

राहीबाई : बघ की. मला बोलला न्हाई कधी.

अमृत : तुला कसं बोलणार, आई? तू तर गावात सांगितलंयस की माझी पाठ गेलीय.

राहीबाई : मग काय सांगू? डोकं गेलंय म्हनू? दोन दिसांत पोरं मागं लागली असती. पाठ म्हनल्यावर लोक तेल सांगत्यात, मलम सांगत्यात. चार मानसं दारात येत्यात तरी.

अमृत : बरोबर आहे तुझं. गावात माझी पाठ दुखते, बोर्डापुढं डोकं दुखतं. बेलापूरच्या बाजारात कोणी हाक मारली, की मी आधी कमरेवर हात ठेवतो आणि मग वळतो. आता ताई म्हणते, गुरुवारी आणखी एक सोंग घे.

रोहिणी : सोंग नव्हे.

अमृत : नव्हे तर काय?

रोहिणी : खरं जे आहे, ते दिसत नाही. म्हणून दिसेल असं काहीतरी.

अमृत : खरं काय आहे, ते तुला तरी ठाऊक आहे का?

रोहिणी : तू सांगितलंस तेवढंच. वर चौकीवर वायरलेसच्या सेटवर होतास. सेट बंद केला तरी आवाज येत राहिला. त्याला तू उत्तरं देत राहिलास, आणि मग तुला खाली आणलं. गोळ्या सुरू झाल्या, आवाज थांबला. असंच ना?

अमृत : हं.

राहीबाई : थांबला म्हनजे काय, आता एकदम निवांत हाय तो. शेतातलं समदं बघतोय. घासाला पानी देतोय, गायी बघतोय. देवाचं तर एवढं करतोय की विचारू नगं. रोज मोटर बंद केली, की पेटीवर हात ठिवून डोळं मिटून उभा ऱ्हातो. हिरीवरच्या म्हसोबाला नमस्कार करतोय. आमी समदे पानी पाजून घरला येतो, ह्यो आपला तिथंच.

रोहिणी : किती वेळ?

राहीबाई : लई वेळ. एकदा मी हाक मारली, तर केवढ्यांदा दचकला.

रोहिणी : अमृत, तुझा म्हसोबावर कधीपासून विश्वास बसला?

अमृत : आई, चुलीवर काही ठेवलंयस का? करपल्याचा वास येतोय.

राहीबाई : चुलीवर काय न्हाई. गॅसवर दूध हाय, ते बारीक केलंय.

रोहिणी : मी काय विचारलं?

अमृत : ऐकलं मी.

रोहिणी : तू नमस्कार करत नाहीस तिथे.

अमृत : नाही.

रोहिणी : मग?

अमृत : ऐकतो. मोटर चालू असते तोवर सगळं झाकलेलं असतं. ती थांबली, की एकदम मोकळं पडतं रान. त्या मोकळ्यात तो अजून आहे का, ते बघतो.

राहीबाई : कोन रं?

रोहिणी : आई, तू थांब जरा. आहे का, अमृत?

अमृत : गोळ्यांनी दूर गेलाय. आधी कानाशी होता, आता नदीपलीकडून बोलल्यासारखा येतो. पण आहे.

रोहिणी : रोज?

अमृत : रोज.

रोहिणी : काय म्हणतो?

अमृत : वाईट काही म्हणत नाही. लोकांना वाटतं तसं मार, जाळ, असलं काही नाही. तो नुसता हाक देतो. कोई स्टेशन सुन रहा है, ओवर. मग थांबतो. पुन्हा हाक देतो. त्याला स्वतःचं नाव माहीत नाही, आपण कुठं आहोत तेही ठाऊक नाही.

रोहिणी : आणि तू?

अमृत : पूर्वी उत्तर द्यायचो. म्हणून तर खाली आणलं. आता देत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, उत्तर द्यायचं नाही, मग थकून जाईल तो. पण ताई, हाक ऐकून उत्तर न देणं हा आमच्यात गुन्हा आहे. पहिल्या दिवशी शिकवतात ते. बर्फात, वादळात, झोपेत, काही असो. हाक आली की सांगायचं, ऐकू येतंय. पलीकडच्या माणसाला एवढंच पुरतं. आणि मी रोज विहिरीवर उभा राहून एका माणसाला गप्पपणे मरू देतो. मग घरी येतो, जेवतो.

राहीबाई : आरं माझ्या लेकरा. आन मी बाई समद्यांना सांगत फिरले, माझा अमृत देवभोळा झालाय म्हनून.

रोहिणी : हे तू डॉक्टरांना कधी सांगितलंस?

अमृत : कधीच नाही.

रोहिणी : बोर्डाला?

अमृत : त्यांनी विचारलं होतं, आवाजें आती हैं? मी म्हणालो, नहीं सर.

रोहिणी : आणि मी! मी दर खेपेला येऊन, गोळ्या मोजून, डबा भरून... मला का नाही सांगितलंस?

अमृत : तू इतकी खूष होतीस, ताई. राखीला आलीस तेव्हा दाजींना फोनवर म्हणालीस, आमचा अमृत परत आला. तुझा तो आवाज मला आवडला. म्हटलं, हा एक आवाज खरा ठरू दे.

रोहिणी : मग आता माझं ऐक. हा घे रेझर.

अमृत : काय झालं?

रोहिणी : घे. दाढी कर. गुरुवारी मीच शर्टाला इस्त्री करीन, बूटही चकाकू देत. गोरक्षतात्यांचं काही ऐकायचं नाही. ताठ उभा राहा, टाचा जुळव, साहेबांना सलाम कर. ते विचारतील, कैसे हो. तेव्हा फक्त एकच वाक्य बोल. आवाज अजून येतो, सर. बस्. सोंग नाही, मळका शर्ट नाही. जे आहे, तेवढंच.

अमृत : तेवढंच.

रोहिणी : हो. खरं तर तेच आहे ना?

अमृत : तुला ते सोपं वाटतं. दाढी वाढवून गेलो, तर ते सोंग असतं. परत आलो की धुऊन टाकता येतं. मनात म्हणता येतं, मी तसा नाही, मला तसं दिसायला सांगितलं होतं. पण वर्दीतल्या माणसासमोर स्वच्छ दाढी करून, शुद्धीत, माझ्याच तोंडानं सांगायचं, की मी अजून तिथंच आहे? मग मागं काय उरतं, ताई? मी माझे सत्तर टक्के मोजत आलोय.

रोहिणी : ते मोजून दिलेले आकडे त्यांचे आहेत. तू त्यांत नाहीस.

अमृत : पेन्शन पाहिजे तेव्हा मी त्यांत असतो.

रोहिणी : असं बोलू नकोस. मला लागतं.

अमृत : लागावं म्हणून नाही बोललो.

राहीबाई : पेन्शन ग्येलं चुलीत. मी दोन गायी वाढवीन. नगा त्याला एवढं पिळू.

रोहिणी : गायी वाढवून त्याचा आवाज थांबणार आहे का, आई? निदान डॉक्टरांना कळलं, तर औषध बदलतील. इतकी वर्षं तो एकटा उभा आहे त्या विहिरीवर. अमृत, पेन्शनचं राहू दे बाजूला. ते मिळो, न मिळो. मी तुझी बहीण म्हणून विचारते. गुरुवारी त्यांना सांगशील? सांगशील ना, की आवाज अजून येतो?

राहीबाई : काय तरी बोल रं तिला.

रोहिणी : अमृत? ऐकतोयस ना? (अमृत पडवी उतरून जातो.)

राहीबाई : गेला?

रोहिणी : गेला. विहिरीकडे.





राहीबाई : तोंडाचा साबन पन तसाच. येईल आता, दाढी करंल. पानी ऊन ठिवते मी.

रोहिणी : नको ठेवूस, आई. रेझर इथंच ठेवून गेला तो. गुरुवारी दाढी वाढवूनच जाणार.