मागचं दार

स्वीडनमधल्या उमेओ शहरातल्या औषधांच्या दुकानात मी नंबराची चिठ्ठी घेऊन, पाटीवर नंबर येण्याची वाट बघत बसले होते. शेजारी दोन शिक्षक होते. गुनवोर लहान मुलांना व्याकरण शिकवते, आणि तागे बेकार तरुणांना अडचणीतून वाट काढायला. तागेचा फोन वाजला.

"वर्गाला कुलूप? अरे, मग मागच्या दारानं जा ना! कुणी सांगितलं नाही म्हणून सगळे बर्फात उभे? ठेव, येतो मी."

"चिडू नकोस," गुनवोर म्हणाली.

"चिडू नको तर काय करू? वीस-वीस वर्षांचे घोडे झालेत! आणि आज कारखान्याची माणसं त्यांना बघायला येणार आहेत, नोकरीसाठी."

"माझी आठ वर्षांची बरी. वाक्यात क्रियापद इथंच का, म्हणून डोकं खातात."

"मग तू काय सांगतेस?"

"नियम आहे, लिहा मुकाट्यानं."

"बघ! तू त्यांना गप्प बसवायचं आणि मी बोलतं करायचं!"

"माझ्यावर कशाला घसरतोस? आधी तो पाय हलवणं थांबव."

"उशीर होतोय गं!"

"मग ऊठ की. काउंटर मघापासून रिकामा आहे. ती बाई आपल्याकडेच बघतेय."

"असा कसा उठू? पाटीवर माझा नंबर कुठं आलाय अजून?"