खोल चौकट

लग्नाचा फोटो हातात धरून चौकटवाल्याच्या दुकानात थांबलेल्या तरुणीचे कान पुढच्या म्हातारीच्या बोलण्याकडे लागले.

"मावशी, यंदाच्या चित्रात पोराला मिशी आली?"

"सहाव्या वर्षी हरवला म्हणून काय सहाचाच राहील? वीस पूर्ण झाली. चित्रकार दरवर्षी त्याला वर्षानं मोठा करून देतो."

"मग मागच्या वर्षीचं चित्र काढून टाकू?"

"हात लावू नकोस! त्याच्यावरच बसव. खाली सगळी आहेत, सातव्या वर्षापासूनची."

"पण आता मावत नाहीत हो. दाबलं तर लाकूड फुटेल."

"मग नवी कर. चांगली खोल."

"किती खोल? अजून किती चित्रं बसवायची?"

"माझ्याकडे नीट बघ, आणि तूच काय तो अंदाज बांध."