गोदाताईंची लाखवात

मंडळी, कीर्तनाच्या आरंभी एक सांगा मला. माणसाचा मोठा संकल्प मोडतो कशानं? संकटानं? छे! संकटात माणूस दात-ओठ खाऊन उभा राहतो. मग आळसानं? तेही नाही. आळशी माणूस संकल्प करतोच कशाला — त्याची झोपमोड होते! मग मोडतो कशानं? उत्तर मी देत नाही, गोदाताई देतील. ऐका.

आपल्या या धरणाच्या वरच्या अंगाला नवी वसाहत आहे ना, तिथं मार्तंड मास्तर राहायचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. जवळ थोरली बहीण गोदाताई. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण बोटं अशी, की कापूस नुसता दाखवावा आणि वात झालीच समजावी.

दोघांचं मूळ गाव पाण्याखाली. धरण भरलं तेव्हा मास्तर पाच वर्षांचे, ताई सतराच्या. दर त्रिपुरी पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी जुन्या गावची माणसं काठावर जमतात, पाण्यात दिवे सोडतात. तुम्हीही जमता. त्यात ते गाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी माणसं एका साली अकरा होती, दुसऱ्या साली सात. त्या सातांकडे बघून मास्तरांचा जीव कालवला आणि ते बोलून बसले, "पुढच्या त्रिपुरीला आपल्या गावाची कादंबरिका लिहून आणतो. लहानशीच. इथंच वाचतो."

बोलले खरे! आता लिहायची कधी? ज्येष्ठात मास्तरांनी वेळापत्रक करायला घेतलं. चित्रकलेचे मास्तर ते! पहाटे चार ते सहा लेखन, निळ्या शाईत. सहा ते सात चिंतन, हिरव्या शाईत. कडेनं वेलबुट्टी. आठ दिवसांनी लक्षात आलं, चारला जागच येत नाही. मग दुसरं वेळापत्रक. मग तिसरं. मृदंगवाले हसताहेत — यांच्याही भिंतीवर आहे वाटतं एखादं! ज्येष्ठ सरला. भिंत देखणी झाली आणि वही कोरी राहिली.

आषाढी एकादशीला गोदाताईंनी लाखवात धरली. एक लाख वाती हातानं वळायच्या आणि त्रिपुरीला उजळायच्या. म्हणजे चार महिने, रोज आठशेंच्या वर. पडवीत कापूस घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मार्तंडा, आज काय लिहिलंस?"

"आराखडा चाललाय, ताई."

"मग आराखडा वाच."

मास्तरांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवलं.

"हे बघ," ताई म्हणाल्या, "रोज सकाळी तू मला एक पान वाचून दाखवायचंस. तू वाचायला लागल्याशिवाय मी कापसाला हात लावायची नाही."

आली का पंचाईत! भावाचं पान नाही, तर बहिणीचं व्रत नाही. मास्तरांनी वेळापत्रकं उतरवली आणि खाली बसले. ताईंची आंघोळ-पूजा होईपर्यंत एक पान. बस, एवढाच नेम. निळी शाई नाही, हिरवी नाही.

आणि मंडळी, काय सांगू! रोज सकाळी पडवीत ते पान वाचलं जायचं आणि पाणी जरासं बाजूला सरायचं. आज ओढ्यावरची धुण्याची दगडं वर आली. उद्या पिंपळाचा पार. परवा देवळाची घंटा, तिच्यावरचं शेवाळ निथळतंय. ताई डोळे मिटून त्या गल्लीतून चालायच्या, बोटं वाती वळत राहायची, आणि पडवीतल्या उन्हात कापसाचे तंतू असे संथ तरंगायचे, की आपणही पाण्याखालीच बसलोय असं मास्तरांना वाटायचं.

असा श्रावण गेला. भाद्रपदात गाडं अडलं. पान आलं ते गाव सोडण्याच्या दिवसाचं. मास्तरांना काही सुचेना. शब्द एकही मनाजोगता नाही. ताई तर पूजा आटोपून बसलेल्या! मास्तरांनी काय करावं? पंधरा दिवसांपूर्वीचं पान काढलं आणि वाचलं. म्हाताऱ्या माणसाला काय आठवतंय!

ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं. वाती वळल्या. संध्याकाळी मास्तर पडवीत येऊन बघतात, तर परातीत सगळा कापूस. आठशे वाती एकेक करून उलगडून ठेवलेल्या.

"ताई, हे काय?"

"शिळ्या पानावर वळल्या होत्या. देवाला कशा चालतील?"

मास्तरांचं तोंड उतरलं. "अगं, पण लाखाला आठशे कमी पडतील."

"पडू देत. कमी चालतील, खोट्या नकोत." आणि मग हळूच म्हणाल्या, "उद्या वाईट पान आण. पण ताजं आण."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वाईट पान आणलं. दोनच ओळी. 'गाव सोडलं त्या दिवशी मी मालमोटारीत झोपलो होतो. आमच्या घराचं दार कुणी लावलं, मला ठाऊक नाही.'

ताईंची बोटं थांबली. आषाढीपासून पहिल्यांदा.

"कुणीच नाही लावलं," त्या म्हणाल्या. "शेवटी मी निघाले. कडी हातात धरली आणि सोडून दिली. पाणी येणारच होतं. आलेल्याला काय दाराबाहेर उभं करायचं?"

"हे कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. तू भिंतीवर वेळा लिहीत होतास."

त्रिपुरी आली. काठावर सातांतली पाच जणं उरली होती. ताईंनी वाती उजळल्या, आणि त्या उजेडात मास्तर वाचायला बसले. पाणी निश्चल. ओढा आला, पार आला, घंटा आली. मग ते उघडं दार आलं. मास्तरांनी मान वर करून पाहिलं, तर पाचही म्हाताऱ्या माणसांनी पायांतल्या चपला काढून ठेवल्या होत्या. दार उघडं आहे म्हटल्यावर आत जायचंच ना! चपला घालून कोण जातं घरात?

आता कळलं, संकल्प कशानं मोडतो? चांगल्या दिवसाची वाट बघण्यानं! मघाशी हसलात ना मास्तरांना? तुमचं काय? नातवंडांना सांगायची गोष्ट, भावाला लिहायचं पत्र, रोज नामाची एक माळ — कुठल्या वेळापत्रकात अडकलंय सगळं? देव सुबक मागत नाही हो. आजचं मागतो.

गोदाताई आता नाहीत. त्या आठशे वाती मात्र अजून वळायच्या राहिल्यात. जाताना देवळाच्या दाराशी परात दिसेल, तिच्यात कापूस आहे. प्रत्येकानं एकेक वात वळा. वाकडी झाली तरी चालेल, बुक्का मी तुम्हाला त्यानंतरच लावीन. चला, उठा. दार उघडंच आहे.