म्होरकी कोण, तेवढं राहिलं

आता मला सांगा, शेवटची अठरा पानं उरलेली असताना कुणी नवस बोलतं का? मी बोलले ना. तुम्हाला सांगते, कादंबरी होती बायकांच्या दरोडेखोर टोळीची. रहस्यकथा, पण हसून हसून पोट दुखावं अशी. या बायका घोड्यांवरून यायच्या, घरधन्याला खांबाला बांधायच्या आणि तिजोरीला हातही न लावता घरच्या बाईला बसवून गरम गरम वाढायच्या... आधी ती जेवणार, मग बाकीचे. प्रतिष्ठित मंडळी हादरली, सभा भरल्या, जग बुडालं म्हणून ठराव झाले, आणि ठराव लिहून घेणारी बाईच टोळीतली निघाली. पण तोंडाला फडकं बांधणारी ती म्होरकी कोण? न्यायाधीशांची बायको? मुख्याध्यापिका? की ती बहिरी शिंपीण... माझा संशय तिच्यावरच, पण तेवढं राहिलं.

कारण वाचत होते मी दवाखान्याच्या बाकावर. आत धाकट्या जावेचं ऑपरेशन. दोन तास म्हणालेले डॉक्टर चौथ्या तासालाही बाहेर येईनात, दीर भिंतीकडे तोंड करून उभे. उपास बोलावा, तर माझे आठवड्यातले चार वार आधीच देवाकडे गेलेले, उरलं काय द्यायला? हातात पुस्तक होतं... म्हटलं, देवा, ती शुद्धीवर येऊ दे, शेवटचं प्रकरण मी जन्मात वाचणार नाही. पुस्तक मिटलं आणि दार उघडलं. इतक्या लगेच ऐकायचं होतं, तर दहा मिनिटं आधीच दार उघडायचं, नवस तरी बोलावा लागला नसता... जाऊ दे, असं म्हणू नये. पण तेवढं राहिलं.

बरं, वाचणार नाही म्हटलं होतं, ऐकणार नाही कुठं म्हटलं होतं? आणि जाऊ माझी अशी, की तोंडात तीळ भिजत नाही. घरी आल्यावर पुस्तक तिच्या उशाशी ठेवलं. तीन दिवस टाके धरून खिदळत वाचलं तिनं. चौथ्या दिवशी मिटलं, माझ्याकडे बघितलं आणि डोळे पुसले. मी खुर्ची ओढली.

"काय गं, शिंपीणच ना?"

"ताई, आत नेताना फार घाबरले होते हो मी. देवाला बोलले, वाचव, यापुढे एकीचं गुपित दुसरीला सांगणार नाही."

आता रागवायचं कुणावर? देव दोघींनाही पावला. रोज शेजारी बसून भाजी निवडते, शिंपिणीचं नाव काढलं की ओठ घट्ट मिटते आणि गालातल्या गालात हसते... जिवंत आहे, हसतेय. तेवढं राहिलं तर राहिलं.